दुर्बिणीतला ऊस

माझं पहिलं बाळंतपण कुठं व्हायचं, हे एका पितळी नळीनं ठरवलं. असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. त्या हिवाळ्यात मला काही हसू येत नव्हतं.

माझं माहेर मंगळवेढ्याचं. काळ्या रानाचा, ज्वारीचा, कोरडवाहू मुलूख. चौथी झाली आणि शाळा सुटली. पुढं काही वर्षांनी लग्न होऊन मी माळशिरसाच्या बाजूला आले. बैलगाडीनं दोन दिवसांची वाट. सासरच्या गावाजवळून कालवा गेला होता. तो येण्याआधी ही माणसंही आमच्यासारखीच आभाळाकडं बघत बसणारी. बाजरी, मटकी आणि थोडी मेंढरं, एवढाच त्यांचा पसारा. कालवा आला, त्याच्या मागोमाग साखर कारखाना आला, आणि मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, जन्मात पहिल्यांदा ऊस लावायचं मनावर घेतलं. मी लग्न होऊन आले त्याच आषाढात लागण झाली. नव्या सुनेचा हात लागावा म्हणून पहिलं कांडं माझ्याच हातानं सरीत ठेवायला लावलं. मीही नाचत नाचत ठेवलं. ते कांडं पुढं माझ्या पायात अडकणार आहे असं कुणी सांगितलं असतं, तर तिथंच उपटून बांधापलीकडं भिरकावलं असतं.

ऊस जोमानं आला. माणूस आत शिरला तर दिसू नये असा. मामंजी येईल-जाईल त्याला सांगायचे, "सुनंच्या हाताचा गुण हाय." ऐकून मीही फुशारायची. दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. सातव्या महिन्यात बाप नाहीतर भाऊ येतो आणि घेऊन जातो. मी मनातल्या मनात कधीच गाठोडं बांधून बसले होते. सासरी मला कुणी छळत होतं असं नाही, पोटभर मिळत होतं. पण कोवळं वय, पोटात पहिलं मूल, आणि मला आई हवी होती. याहून मोठं कारण माझ्याकडं तेव्हा नव्हतं, आजही नाही.

आत्याबाईंनी एका संध्याकाळी विषय काढला. सासूला आमच्याकडं आत्याबाई म्हणतात. मामंजी ओसरीवर वाती वळल्यासारखा तंबाखू मळत बसले होते. ते म्हणाले, "जाऊ दे की. कोन न्हाय म्हनतंय? पर आदी ऊस जाऊ दे. तिच्या हातचा ऊस हाय त्यो. ऊस रानात हुबा आन घरची लक्षुमी उंबऱ्याभाईर, असं कुटं असतंय व्हय?"

त्यांच्या बोलण्यात दरडावणं नव्हतं, मायाच होती. रागावून बोलले असते तर निदान भांडता तरी आलं असतं. कुणी आपल्याला लक्ष्मी म्हणून उंबऱ्याआत बसवलं की काय बोलायचं? मी चुलीपुढं बसून भाकरी थापत राहिले, आणि त्या रात्रीची पहिली भाकरी करपली.

ऊस कधी जाणार, हे मामंजींच्या हातात नव्हतं. कारखान्याचा माणूस रानात येऊन उसाची गोडी मोजणार, आणि ती पुरेशी भरली की मगच तोड मिळणार. म्हणजे माझं माहेर त्या माणसाच्या हातात होतं, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

तो मार्गशीर्षात आला. पुण्याकडचा तरणा माणूस, सायकलवर, डोक्याला खाकी टोपी. आमच्या आधी तो आसपासच्या गावांतून फिरला होता आणि लोकांनी त्याला दुर्बीणवाला करून टाकलं होतं. गळ्यातल्या कातडी डबीतून त्यानं वीतभर लांबीची पितळी नळी काढली. एका टोकाला डोळा लावायचं भिंग, दुसऱ्या टोकाला तिरपी काच, आणि काचेवर दारासारखं झाकण. आत्याबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊनच रानात आल्या होत्या. नवं अवजार रानात आलं की त्याची पूजा झाल्याशिवाय ते मातीला लागू द्यायचं नाही, ही आमची पद्धत. त्यांनी बोट कुंकवात बुडवलं आणि थेट त्या काचेकडं नेलं. दुर्बीणवाला असा मागं सरला की सरीत बसायचाच राहिला. "आजी, काचेवर नको! डबीला लावा, डबीला." मग डबीला हळदीकुंकू लागलं, आणि मी पदराआड पोट धरून हसले. त्या हिवाळ्यातलं ते माझं शेवटचं हसणं असावं.

मग त्यानं उसात शिरून मधल्या कांड्यात लोखंडी टोचा मारला. रसाचा थेंब काचेवर घेतला, झाकण मिटलं, आणि उजेडाकडं तोंड करून नळीला डोळा लावला. खाली, मधे, शेंड्याकडं, असं पुन्हा पुन्हा केलं. दर वेळी काच ओल्या फडक्यानं पुसायची, मग कोरड्यानं. आम्ही सगळे श्वास धरून उभे.

"आकडा चौदा," तो म्हणाला. "अठराच्या वर गेल्याशिवाय तोड देता येणार नाही, पाटील. ऊस अजून कोवळा आहे."

मामंजी पाटील नव्हते. पण ते दुरुस्त करायच्या भानगडीत ते पडले नाहीत. त्यांनी विचारलं, "ह्येच्यात दिसतंय तरी काय?"

"उजेड रसातून जाताना वाकतो. साखर जास्त, तितका जास्त वाकतो. किती वाकला ते आतल्या रेघेवरून कळतं."

मामंजींनी नळी घेतली, एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला, मग चुकून दोन्ही मिटले. "मला तर निस्ता उजेड दिसतोय," असं म्हणून त्यांनी ती परत केली. महिन्यानं पुन्हा येतो असं सांगून दुर्बीणवाला गेला.

पुढं जे झालं ते आमच्या दुष्काळी मुलखातल्या माणसांकडूनच होऊ शकतं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी पाण्यासाठी टाचा घासल्या, त्यांना कमी पडतं ते एकच. ज्वारी वाळली, पाणी कमी. म्हैस आटली, पाणी कमी. परगावाहून माणूस रडत आला तरी आधी त्याच्या हातात तांब्या देतात, मग विचारतात काय झालं. उसाचा आकडा कमी भरला, म्हणजे पाणीच कमी पडलं, दुसरं काय असणार! मामंजींनी कंबर कसली. कालव्याची पाळी आली की सगळं पाणी उसाला. पाळी नसेल तेव्हा विहिरीवर मोट. आमचे हे पाण्याचं दारं धरायचे, म्हणजे पाट एका सरीतून दुसरीत वळवायचे, आणि मी भाकरी घेऊन गेले की हातभार लावायची. पाण्यात पाय सोडून उभी राहिले की बरंही वाटायचं. ऊस असा हिरवागार तरारला की बघणारा थबकावा. मामंजी बांधावरून फिरताना त्याच्या पानांवरून हात फिरवायचे.

संक्रांत झाली आणि माझे वडील मला न्यायला आले. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. पुढं दोन बैल, मागं रिकामी गाडी. मी आतून त्यांचा आवाज ऐकला आणि लुगडी घडी करायला घेतली. मामंजींनी त्यांना उसाच्या कडेनं फिरवून आणलं, जेवायला बसवलं, आणि जेवता जेवता म्हणाले, "पावनं, ऊस निघाला की धाडतोच. तवर थांबावं." दादा म्हणाले, "तुमी म्हनाल तसं." दुसऱ्या दिवशी ते रिकामी गाडी घेऊन परत गेले. वेशीपर्यंत मला घालवायला जाता आलं नाही, म्हणून मी परड्याच्या कुडाजवळून धुरळा दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. मग घडी केलेली लुगडी पुन्हा दांडीवर टाकली.

दुर्बीणवाला दुसऱ्यांदा आला तेव्हा आकडा तेरा होता.

त्यानं काच पुन्हा पुसली, दुसऱ्या सरीतला ऊस घेतला, तरी तेराच. त्याच्या कपाळाला आठी पडली. "पाटील, पाणी कधी दिलंत?"

"पानी?" मामंजी म्हणाले. "पानी कुटलं? लई दिस झालं."

मी भाकरीचं टोपलं डोक्यावर घेऊन बांधावर उभी होते, आणि माझ्या पायाला आदल्या दिवशीचा चिखल होता. मामंजी एरवी खोटं बोलणारे नव्हते. पण कालव्याच्या पाण्याला सरकारी पट्टी होती, आणि त्यांच्या लेखी सगळे टोपीवाले एकाच घरचे. पाण्याचं विचारतोय म्हणजे काहीतरी डाव आहे, एवढंच त्यांना कळलं. दुर्बीणवाला बिचारा समजावत होता. तोडीआधी पाणी तोडावं लागतं, ऊस पाणी पीत राहिला की वाढतच राहतो, रस पातळ होतो, गोडी वर चढत नाही. मामंजी मान डोलावत होते. तो गेल्यावर म्हणाले, "पान्यानं कुटं पीक बिगडतंय व्हय? येडा का खुळा ह्यो?" आणि मोटेचे बैल जुंपले.

मला मात्र कळलं होतं. चौथीच शिकलेली असले तरी गुळाच्या पाकात पाणी वाढवलं तर काय होतं हे मला ठाऊक होतं. मी रात्री आमच्या ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "आबांच्या म्होरं मी काय बोलू?" मामंजींना ते आबा म्हणायचे. आत्याबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "बाप्यांच्या रानातलं आपल्याला काय कळतंय." आणि मामंजींशी मी बोलायचा प्रश्नच नव्हता. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं ते भिंतीशी बोलल्यासारखं, "म्हणावं जेवायला चला" एवढंच. घरात चार माणसं, आणि एकाला सांगावं तर तो दुसऱ्याकडं बोट दाखवी. माझं पोट वाढत होतं, आकडा उतरत होता, आणि दर पाळीला माझ्याच डोळ्यांदेखत, कधी माझ्याच हातानं, माझ्या माहेरच्या वाटेवर पाणी सोडलं जात होतं. राग यायचा. एकदा मी दारं धरता धरता खोरं असं आपटलं की दांडा निघून आला.

माघ लागला. आठवा सरत आला होता. दुर्बीणवाला येणार असं कळल्यावर मी मुद्दाम भाकरी घेऊन रानात गेले. आत्याबाई नको म्हणत होत्या, मी ऐकलं नाही. त्यानं टोचा मारला, थेंब घेतला, उजेडाकडं वळला. बराच वेळ बघत राहिला. मग नळी खाली घेऊन म्हणाला, "हा फड आता तोडीला शेवटी ठेवतो, पाटील. चैत्रात बघू."

चैत्रात! चैत्रात माझं मूल महिन्याचं झालं असतं. मी टोपलं खाली ठेवलं. पदर डोक्यावर होता, मान खाली होती, आणि मी कुणाकडंही न बघता, जमिनीशी बोलल्यासारखं बोलले.

"पानी दिलंया. परवाच दिलंया. तुमी आल्यापास्नं दर पाळीला दिलंया, मोटंचंबी दिलंया."

मोटेवरचा गडी बैलांना टाकायची पेंढी हातात धरून तसाच उभा राहिला. आमचे हे बांधावर गवत कापायला वाकले होते ते वाकलेलेच राहिले. परक्या पुरुषापुढं, सासऱ्याच्या समोर, सासऱ्याला खोटं पाडणारी सून त्या शिवारात कुणी पाहिली नव्हती. खोटं कशाला सांगू, मला आतून हलकं वाटत होतं.

दुर्बीणवाला शहाणा. त्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही. मामंजींना म्हणाला, "पाणी बंद करा, पाटील. अगदी थेंबही नको. पाने पिवळी पडली तरी घाबरू नका. मी पुन्हा लवकर येतो." मामंजींनी पाटात उतरून उसाकडचं दारं स्वतःच्या हातानं माती दाबून बंद केलं. घरी आल्यावर आत्याबाईंनी मला "तोंड फुटलंय का तुला?" म्हणून विचारलं. मामंजी त्यानंतर माझ्यासमोर ताटावर बसायचे, पण माझ्या हाताच्या गुणाचं बोलणं पुन्हा कधी निघालं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. त्या गुणानंच तर मला बांधून घातलं होतं.

ऊस सुकू लागला. खालची पानं वाळली, हिरवेपणा गेला, वाऱ्यानं फड खडखडू लागला. मामंजींच्या तोंडचं पाणी पळालं. बांधावर जाऊन ते तासन्‌तास उभे राहायचे, पण पाट काही फोडला नाही. आणि दुर्बीणवाला आला तेव्हा त्यानं नळी डोळ्याला लावली नि तो हसला. "अठरा आणि वर थोडं." मामंजींनी त्याच्या हातातून नळी घेतली, पण स्वतः पाहिलं नाही. मी भाकरी घेऊन बांधावर आले होते, माझ्या दिशेनं त्यांनी हात केला आणि त्याला म्हणाले, "तिला दावा."

मी पाहिलं. आत एक गोल होता, वर निळसर अंधार, खाली लख्ख उजेड, आणि दोन्हींच्या मधे एक सरळ रेघ. एवढंच. इतके महिने माझा जीव ज्यावर टांगला होता ती एवढीशी रेघ. मला रडू आलं आणि रेघ पुसट झाली, म्हणून मी नळी घाईघाईनं परत दिली. काचेला काही झालं तर पुन्हा चैत्र, अशी धास्ती.

तोडीचा दिवस ठरला. मंगळवेढ्याला निरोप गेला. दादा गाडी घेऊन आले. आईनं गाडीत कडबा अंथरून वर जाड वाकळ घालून पाठवली होती. दिवस भरत आले होते, पण बैल सावकाश हाकले तर जमेल, असं आत्याबाईही म्हणाल्या. त्यांनी माझी ओटी भरली. सकाळी उन्हं वर यायच्या आत निघायचं ठरलं.

सकाळी मामंजी रानातून धापा टाकत आले. आदल्या दिवसापासून तोड चालली होती, ऊस ढिगानं पडला होता, आणि ठरलेल्या गाड्यांपैकी दोन दुसऱ्याच्या फडावर गेल्या होत्या. तोडलेला ऊस उन्हात पडला की रस बिघडतो, हे दुर्बीणवाल्यानं बजावून सांगितलेलं. या वेळी मामंजींनी त्याचा शब्द न् शब्द मानला होता. ते दादांच्या गाडीजवळ उभे राहिले. "पावनं," ते म्हणाले, "येवढी एक खेप मारता का? ऊस वाळतोय."

दादा मुलीचे बाप. आमच्याकडं मुलीच्या बापानं व्याह्याला नाही म्हणायचं नसतं. लग्नात जी मान खाली जाते ती पुढं वर येत नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी उंबऱ्यात गाठोडं घेऊन उभी होते. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "दादा, मला न्या."

"येवढी एक खेप हुंदे, बाई," दादा म्हणाले. "सांजच्याला निगू की."

त्यांनी वाकळ काढली, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. मग गाडी फडाकडं वळवली. थोड्या वेळानं ती घरावरून गेली. मी हातानं लावलेला, मी तोंड उघडून पिकवलेला ऊस वर रचलेला, आणि दादा बैलांच्या बाजूनं चालत होते. त्यांनी घराकडं बघितलं नाही. मीच बोलले नसते तर हा ऊस आज उभा असता आणि गाडी मोकळी असती, हे माझ्या मनात आलं, आणि मी उंबऱ्यातच खाली बसले.

सांजच्याला ते आले नाहीत. कारखान्याच्या फाटकापुढं गाड्यांची रांग लागली होती म्हणे, आत घ्यायला दुसरा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. मी आधी कुणाला सांगितलंच नाही. दर कळेला दात आवळून रस्त्यावरच्या घुंगरांकडं कान लावत होते. आत्याबाईंच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी सुईणीला बोलावलं आणि मला मधल्या खोलीत नेलं. मी "दादा येऊ देत, दादा येऊ देत" म्हणत राहिले. आत्याबाई माझे केस मागं सारत होत्या आणि म्हणत होत्या, "येतील गं, येतील." त्या दिवशी त्या मला खरोखर आईसारख्या वागल्या. पण मला आईसारखी नको होती, आई हवी होती.

ऊन कलायच्या सुमाराला मुलगी झाली.

त्यानंतर काही वेळानं अंगणात बैल थांबले. आमचे हे, आत्याबाई, सुईण, सगळे घरातच होते, पण बाहेर जाऊन सांगायला कुणी पुढं होईना. दादांचा आवाज आला, "पोरीला म्हनावं, चल. गाडी मोकळी झाली."

मग माझ्या कुशीतली पोर रडली. बाहेर दादांनी बैल सोडले. मामंजींवरचा राग मी पुढं लवकर गिळला, दादांवरचा गिळायला मला फार वर्षं लागली.

बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं यायचं नसतं. दादा दाराबाहेर, भिंतीपलीकडं येऊन उभे राहिले. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलले.

"ऊस लई गोड निघाला, बाई," ते म्हणाले. "समदी म्हनत हुती."

मी भिंतीकडं तोंड केलं आणि पोरीला पाजायला घेतलं.